परड्यातली तूर

बाळाबाईच्या जिभेला हाड नव्हतं. हातकणंगल्याजवळच्या माळावरच्या त्या वाडीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. घरामागच्या परड्यातल्या तुरीला मात्र ती लेकरासारखी जपायची. नवऱ्यानं जायच्या आधीच्या पावसाळ्यात आपल्या हातानं लावलेली ती एकुलती एक तूर. गावाच्या तुरी संक्रांतीला कापून खळ्यात जायच्या, ही बारा महिने हिरवीगार. शेंगा लागायच्या चार-दोन, पण पाला असा दाट की शेळीनं खाऊन सरू नये. "धन्यानं लावलीया, वाळंल कशी?" असं ती आल्यागेल्याला सांगायची. आणि त्या तुरीला रोज भांड्यांचं पाणी घालायची तिची सून, शालन.

शालनला लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं.

त्या घरात एक रीत होती. भुईमुगात तुरीची ओळ टोकायची ती लेकुरवाळीनं, ओच्यात बी घेऊन. शालन दरसाली बांधावर बसून भाकरीची दुरडी राखायची. चौऱ्याण्णव सालच्या जूनला बाळाबाईचा पाय मुरगळला. पेरणीजोगा वापसा निघून चालला होता, शेजारणी आपापल्या रानात. तिचा लेक सयाजी बायकोला म्हणाला, "टोक की तू. बियाला काय कळतंय?"

शालननं दिवसभर एकटीनं तूर टोकली. संध्याकाळी गुडघाभर मातीनं घरी आली, आणि चुलीपुढं चक्क गुणगुणत बसली. सहा वर्षांत त्या घरानं तिचा गाण्याचा आवाज ऐकला नव्हता. बाळाबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तूर उगवली अशी की दृष्ट लागावी. डोक्याइतकी झाली. दिवाळी झाली तरी फूल नाही. पानं बारीक पडली, त्यांवर फिकट ठिपके आले. मार्गशीर्ष सरला, शेंगेचं नाव नाही. हिरवं रान नुसतंच उभं. बाया बांधावरून बघायच्या आणि तोंडाला पदर लावून पुढं जायच्या. त्या पदरांनी बाळाबाईचं डोकं फिरवलं. एके सकाळी पाणवठ्यावर, चारचौघींत, सुनेच्या तोंडावर ती बोलली, "जिची कूस वाळली, तिच्या हातचं बी फळंल कसं?"

शालन घरी आली, दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, आणि रोजच्यासारखं तुरीला पाणी घातलं. आठवड्यानं सयाजीनं तिला मलकापूरला भावाकडं चार दिवसांसाठी म्हणून सोडली. ते चार दिवस काही सरले नाहीत. सयाजी दोनदा म्हणाला, "आणू का तिला?" आई म्हणाली, "बघू की." आईपुढं हूं की चूं न करणारा लेक! पुढं दुसरी आली, तिला मुलगीही झाली. बाळाबाई नातीला मांडीवर घेऊन परड्यात तुरीच्या सावलीला बसायची. तूर तेवढी रानात पुन्हा घातली नाही.

सत्त्याण्णव साली शेजारच्या गुंडूनं आपल्या रानात पहिल्यांदाच तूर टोकली. टोकणारी त्याची बायको, पाच लेकरांची आई. ती तूरही तशीच हिरवी राहिली, तशीच रिकामी. बाळाबाईच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली, पण तिनं ती झटकून टाकली.

गुंडूनं तालुक्याहून शेतीसाहेबाला आणलं. साहेब पानं उलटी करून बघत राहिले. मग विचारलं, "जवळपास कुठं जुनी तूर उभी आहे का?"

गुंडूनं परड्याकडं बोट केलं.

साहेबांनी फांदी वाकवली, पानाखाली भिंग धरलं. "हा वांझ रोग, आजी. पानाखाली कोळी असतो, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही इतका बारीक. तो रोगाचा विषाणू घेऊन वाऱ्यावर जातो. पावसाळी वारा इकडून रानात जातोय ना? ही तूर बारमाही राहिली, म्हणून तोही इथंच राहिला."

बाळाबाईनं भिंगाला डोळा लावला. तिला काहीच दिसलं नाही.

"बियातनं येतोय व्हय ह्यो?"

"नाही. बियातून येत नाही."

"आणि... टोकणारीच्या हातानं?"

साहेब हसले. "हाताचा काय संबंध, आजी?"

त्या हसण्यानं ती जागच्या जागी बसली. साहेब गेले तरी उठली नाही. मग कोयता आणला आणि धन्याची तूर तिनं स्वतः तोडली, मूळ खणून काढलं, जाळलं. आयुष्यात तिला एवढी लाज कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ती मलकापूरला निघाली. सुनेला परत आणायला आता घरात जागा नव्हती, हे तिला कळत होतं. पण त्या हातांवरचा बोल तरी उतरवायचा होता.

भाऊ-भावजय रानात गेली होती. शालन सोप्यात भिंतीला टेकून बसली होती. भावजयीचं तान्हं झोळीत रडत होतं आणि शालन लांबूनच दोरी ओढत होती. बाळाबाईनं सगळं सांगितलं. कोळी, वारा, भिंग, साहेबाचं हसणं. सांगता सांगता रडली. "माझ्या तोंडाला आग लागली हुती गं पोरी. तुझा काय दोष नव्हता."

शालन ऐकत होती. झोळीतलं मूल लालेलाल झालं.

"घे की गं त्याला."

"मी न्हाय घेत, आत्ती." शालननं दुसरा हात पदराखाली घेतला. "लावणीला जाते ती भाकरी घिऊन, रोपाला हात लावत न्हाय. लेकरालाबी न्हाय. तुमचंच खरं मानलं की वो मी."

बाळाबाईनं तिचा तो हात ओढून आपल्या हातात घेतला. "खोटं हुतं ते, शाले! समदं त्या परड्यातल्या तुरीनं केलं. उपटून टाकली मी ती."

शालनची दोरी थांबली. तिनं सासूच्या तोंडाकडं बघितलं. मग हलकेच आपला हात सोडवून घेतला.

"त्या सालच्या उन्हाळ्यात वाळाय लागलती ती, आत्ती. रोज पाणी घालून मीच जगिवली," ती म्हणाली. "म्हंजे माझ्याच हातानं झालं की."

आणि तिनं लांबूनच पुन्हा दोरी ओढायला सुरुवात केली.