कासवाचं डोकं

"ताई, आज डोक्याला हात घालायचा ना?" ताईच्या हाताखाली काम शिकणाऱ्या धाकटीने दिवा खाली ओढत विचारलं.

ताईने स्टूल पुढे ओढलं. टेबलावर उशीएवढा दगड होता आणि त्यातून कासवाची पाठ, दोन पाय, मानेचे मणके वर आले होते. दूरच्या जंगलातल्या टेकडीवर, जिथे एका जुन्या नदीचा गाळ थरावर थर साचून दगड झाला होता, तिथून तिनेच तो प्लास्टरमध्ये गुंडाळून आणला होता. संग्रहालयाच्या या मागच्या खोलीत गेली दोन वर्षं ती सुईने त्याचा कण न् कण टिपत होती. उरलं होतं फक्त डोकं. कवटीचं हाड कांद्याच्या सालीसारखं पातळ. अशी अख्खी कवटी त्या टेकडीने आजवर कुणालाच दिली नव्हती.

सुई उचलताच तिचा उजवा हात थरथरला, तो थांबेचना. तिने सुई ठेवली आणि हात मांडीखाली दाबला.

हे आजचं नव्हतं. घरी नवरा हल्ली तिला अर्धाच कप चहा देई आणि तो संपला की न विचारता उरलेला अर्धा ओती.

ती उठून संग्रहालयाच्या साहेबांकडे गेली. "साहेब, डोकं धाकटी करेल."

"छे! ते तुमचं काम. औषध घ्या, आराम करा. कासव काय पळून जातंय?"

"कासव नाही जायचं. पण माझा हात गेला तो गेला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलंय. हट्टाने मीच बसले आणि सुई घसरली, तर स्वतःला तोंड दाखवता येणार नाही मला."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पाटीवर नाव मात्र तुमचंच."

"दोघींचं घाला."

ताईने परत येऊन सांगताच धाकटी रडवेली झाली. "माझ्याच्याने नाही व्हायचं, ताई. तुटलं तर?"

"तर चिकटवू. मी काय कमी तोडलंय? एका मगरीचा जबडा सांधता सांधता अख्खा उन्हाळा गेला माझा. बस. सुई आडवी धर. उकरायचं नाही, हळूच सोडवायचं."

दुपार कलली. ताई शेजारच्या स्टुलावर हात पोटाशी धरून बसली होती. धाकटीचे दोन्ही हात गुंतलेले.

"ताई, धूळ."

ताई वाकली आणि तिने हलकेच फुंकर घातली. दिव्याखाली डोळ्याची गोल खोबण उघडी झाली.