ठिकरीची सात घरं

"पुसा मावशी, खुशाल पुसा. मी परत काढीन," असं म्हणत मी दवाखान्याच्या ओट्यावर खडूने चौथं घर आखलं. झाडलोट करणाऱ्या मावशी ओलं फडकं हातात धरून नुसत्या बघत राहिल्या.

महिन्यापूर्वी याच ओट्यावरून मी लेकीला कडेवर घेऊन आत शिरले होते. सकाळी तिच्या बेंबीशी दुखत होतं, दुपारी दुखणं उजवीकडे खाली सरकलं. चालताना ती वाकत होती. मी सगळं वेळेसकट सांगितलं. डॉक्टरांनी खुर्चीतूनच विचारलं, उद्या परीक्षा आहे का? होती.

"मग हे दप्तराचं दुखणं. आई शिकलेली असली की पोरांचे आजार वाढतात."

पोटाला हातही न लावता त्यांनी गोळ्या लिहिल्या. आणि मी ओशाळून हसले. 

तिसऱ्या दिवशी मोठ्या इस्पितळातल्या सर्जनबाईंनी तिला एवढंच सांगितलं, एका पायावर उडी मार बघू. गल्लीत ठिकरी खेळताना कुणाला हार न जाणारी माझी पोर, तिला पाय उचलवेना. अपेंडिक्स फुटलं होतं. अठरा दिवस तिच्या पोटातून नळी बाहेर आलेली होती.

म्हणून रोज सकाळी दारापर्यंत सात घरं. विचारेल त्या आईला मी कारण सांगायची: पोट दुखतंय ना, मग आधी पोराला इथे उडी मारायला लावा. एकदा डॉक्टर स्वतः बाहेर आले.

"ताई, किती दिवस सूड उगवणार आहात?"

"तुमचा हात पोटाला लागेपर्यंत."

नवव्या दिवशी गणवेशातली एक मुलगी घरांत उतरली. दुसऱ्याच घरात पोट धरून खाली बसली. नखरे पुरे, म्हणून बाप खेकसला. मी उघड्या दारातून आत, खुर्चीकडे बघत राहिले.

डॉक्टर उठले. खडूच्या रेघांवर गुडघे टेकून बसले, तळवे एकमेकांवर चोळून गरम केले आणि तिच्या पोटावर हात ठेवला. मग बापाला म्हणाले, गाडी बोलवा, आत्ता.

दुसऱ्या दिवशी घरं तशीच होती. साहेबांनी पाणी मारू नको म्हणून सांगितलंय, मावशी म्हणाल्या. मी तरीही खडू काढला आणि सगळ्या रेघा पुन्हा गिरवल्या, आणखी जाड.

डॉक्टरांना टाके दाखवायला त्या दिवशी लेकीला बरोबर आणलं होतं. उजव्या कुशीवर हात ठेवून ती थोडा वेळ घरांकडे बघत राहिली. मग कडेकडेने, एकाही रेघेवर पाय न देता, दारापर्यंत चालत गेली.