लाइकेश्वर महाराज आणि सुनीतीची वही

भर दुपारी दोन वाजता वारज्यात दुकान उघडं होतं, हाच खरं तर पहिला चमत्कार. सुनीतीच्या चकली-भाजणीच्या दुकानाचं शटर एक ते चार या वेळात भूकंप झाला तरी वर गेलं नसतं. आज ते वर होतं आणि आत उभं राहायला जागा नव्हती, कारण लाइकेश्वर महाराज आले होते.

सुनीतीने चकल्यांचं पहिलंवहिलं रील टाकलं होतं. दोन दिवसांत लाइक तीन. एक तिचा, एक नवऱ्याचा आणि एक समोरच्या छत्रीदुरुस्तीवाल्याचा, म्हणजे माझा. तोही अंगठा चुकून लागल्यामुळे.

"पेजचं नाव मोठ्याने सांग, बेटी. देवालाही पत्ता लागतो," महाराज म्हणाले. तिने सांगितलं. त्यांनी मोबाइलवर भगवा रुमाल टाकला. "ओम व्ह्यूज, ओम शेअर्स, अल्गोरिदम प्रसन्न प्रसन्न!" कोपऱ्यात पन्नाशीचा एक शिष्य उपरण्यात मान खुपसून जप करत होता.

रुमाल उचलला. चार हजार लाइक! खाली 'व्हेरी टेस्टी', 'यम्मी', 'किलोचा भाव काय?' असा पाऊस. एका आजोबांनी मोबाइलला कुंकू लावलं.

"आता त्याग," महाराज म्हणाले. "जुन्या गिऱ्हाइकांची वही मला दे. मुठा नदीत विसर्जन करतो. जुनं सुटलं की नवं येतं."

सुनीतीचा चेहरा उतरला. अठरा वर्षांची वही होती ती. दोनशे घरांचे नंबर, बापटकाकूंना तिखट कमी, केदारकडे तीळ जास्त, कुणाची सून बाळंतीण म्हणून डिंकाचे लाडू. दुकान उभं होतं ते या वहीवर. पण कोपऱ्यावर चकचकीत मोठं दुकान आलं होतं आणि बाई घाबरली होती. तिने वही काढून छातीशी धरली.

"देऊ नकोस गं!" मी ओरडलो. मला फार वाईट वाटत होतं. पण छत्रीवाल्याचं कोण ऐकतं!

तेवढ्यात शेजारच्या मेहबूब टेलरची मुलगी आलिमा पुढे आली. ती शाळेत गणित शिकवते. "महाराज, आमच्या पेजलाही आशीर्वाद द्या ना. नवा फोटो टाकलाय." तिने नाव सांगितलं. पुन्हा रुमाल, पुन्हा मंत्र, पुन्हा कोपऱ्यात जप. लाइक चार हजार!

आलिमाने वाचून दाखवलं. "'व्हेरी टेस्टी'. 'यम्मी'. 'किलोचा भाव काय?'" मग मोबाइल गर्दीकडे वळवला. फोटोत तिची तुटकी चप्पल होती.

"अहो, चप्पल यम्मी?" आजोबांनी विचारलं.

"दोन्ही वेळा बरोबर चार हजार, आणि त्याच कॉमेंट," आलिमा म्हणाली. "लाइक देणाऱ्यांची नावं बघा. नुसती अक्षरं आणि आकडे. हे लाइक विकत मिळतात, चार हजारांचं एक पाकीट. आता जप बघू या." तिने शिष्याचं उपरणं बाजूला केलं. आत मोबाइल होता. त्यावर लिहिलं होतं, 'ऑर्डर पूर्ण झाली'.

"मग यांना माझी वही कशाला हवी होती?" सुनीतीने विचारलं.

"त्यात दोनशे खरी माणसं आहेत, मावशी. यांच्याकडे एकही नाही. उद्या त्याच नंबरांवर, लोकांना गंडवायला, यांचे फोन गेले असते."

"नास्तिकांच्या वस्तीत नेटवर्क टिकत नाही," असं पुटपुटत महाराज निघाले. घाईत रुमाल राहिला. सुनीती हल्ली त्याने कढई उतरवते.

महाराज गेल्यावर तिने वही उघडली आणि एकेका नंबरावर निरोप पाठवला. 'आत्ता तळतेय. गरम हव्या असतील तर या.' अर्ध्या तासात बापटकाकू हजर. "दुपारी उघडं? तब्येत बरी आहे ना तुझी?" आलिमाने तेवढंच रील करून टाकलं. लाइक एक्केचाळीस. त्यातली तीस माणसं संध्याकाळी रांगेत उभी होती.

तेव्हा वाचकहो, रील जरूर करा, त्यात वाईट काही नाही. फक्त आकडा बघून हात जोडण्याआधी एक प्रश्न विचारा. ज्याने लाइक दिला, त्याला चकली खाता येते का?