डाव्या आरशातली फीत

निषादच्या गाडीचा डावा आरसा रुसला होता. बटण दाबलं की उजवा शहाण्यासारखा मिटायचा आणि डावा अर्ध्यावर अडकून खर्र खर्र करत बसायचा. गॅरेजवाल्यानं सरळ अख्खा आरसा बदलायला सांगितलं, तेव्हा निषादच्या डोक्यात तिडीक गेली. इंजिनिअर म्हणवून घ्यायचं आणि एक आरसा उघडता येऊ नये? रविवारी सकाळी पुण्याजवळच्या भुकूमच्या सोसायटीत, पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरून तो बसला.

खरं तर या आरशांवर त्याचा जीव होता, आणि त्याचं कारण जुईली. त्याच्याबरोबर एकाच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या अमोघची ही धाकटी बहीण. उन्हाळ्यात ती आईबरोबर कऱ्हाडहून आली होती, तेव्हा आरसे आपोआप मिटताना बघून म्हणाली, "तुमची गाडी लाजते हो!" निषाद तिथंच संपला. मग सगळे मुळशीच्या धरणावर गेले असताना त्यानं तिला विचारून टाकलं. ती म्हणाली, "मी तयार आहे. पण घरी दादानं विषय काढला तर बरं."

निषाद नांदेडकडचा सरळ मुलगा. भावाला मध्ये घालणं हीच त्याला सभ्यपणाची वाट वाटली. अमोघनं तर मिठीच मारली. "दिवाळी होऊ दे, मी बोलतो घरी. तोवर तिला फोन करू नकोस, आईला असलं खपत नाही." आणि या भल्या माणसानं खरंच एकदाही फोन केला नाही.

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं, आणि एका सकाळी अमोघ रडवेला होऊन समोर उभा राहिला. आईला दवाखान्यात ठेवलंय, गाडी दे. निषादनं किल्ली दिली, वर टाकी भरून दिली. "मीही येतो" म्हणाला, तर अमोघ म्हणाला, "कुणाला आत सोडत नाहीत रे." गाडी परत आली ती हा आरसा बिघडूनच. दवाखान्याच्या आवारात कुणाचा तरी धक्का लागला म्हणे.

कापड गुंडाळलेल्या स्क्रूड्रायव्हरनं निषादनं काच अलगद उचकटली, वायरी सोडवल्या, मागचं झाकण काढलं. धक्क्याचा साधा ओरखडासुद्धा कुठं नव्हता. आतली दातेरी चाकं धडधाकट होती. पण आरसा ज्या खुंटावर फिरतो, त्याला काहीतरी घट्ट गुंडाळलं गेलं होतं. चिमट्यानं ओढत ओढत त्यानं ते बाहेर काढलं. सोनेरी किनारीची लाल फीत निघाली, आणि तिच्यात चिरडलेल्या झेंडूच्या पाकळ्या.

सोसायटीचे वॉचमन देवूमामा खांबाला टेकून बघत होते. "सायेब, नवरीच्या गाडीला बांधत्यात ती फीत हाय ही," ते म्हणाले. "त्या दिशी अमोघसायेब आलं ते आदी गाडीच धुवाय लागलं. म्या म्हनलं, येवढी घाई कशापायी? तर बोललंच न्हाईत."

निषादला आधी हसूच आलं. कुणाच्या तरी लग्नात गाडी मिरवून आला लेकाचा! पण आई दवाखान्यात असताना हा लग्नात काय करत होता? हात पुसून त्यानं कऱ्हाडला फोन लावला.

अमोघच्या आईनं, आशालताकाकूंनीच उचलला. आवाज खणखणीत होता. "निषाद! अरे, तुझे आभार मानायचेच राहिले. जुईलीचं सगळं इतकं घाईत झालं! जावयांना लगेच अमेरिकेला परत जायचं होतं ना. तुला कामातून सुटता आलं नाही म्हणे, पण गाडी पाठवलीस हो आठवणीनं. पाठवणी कशी थाटात झाली!"

"काकू, तुमची तब्येत?"

"मला काय धाड भरलीय?"

निषादनं फोन ठेवला. केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते त्याला आज कळलं. राग तर असा आला होता की आरसा उचलून फोडावा. तरी त्यानं खुंटाला ग्रीस लावलं, झाकण बसवलं, काच बसवली. काम अर्धवट टाकायची त्याला सवय नव्हती.

दुपारी अमोघ पौडहून मटण घेऊन आला. निषाद गाडीत बसला होता आणि फीत स्टिअरिंगवर ठेवली होती. ती बघून अमोघनं पिशवी तिथंच खाली ठेवली.

"स्थळ चांगलं होतं रे," तो म्हणाला. "घरचे ऐकेनात."

"मग मला तोंडावर सांगायचंस. चार शिव्या दिल्या असत्या आणि गप्प बसलो असतो. पण तिच्या पाठवणीला माझीच गाडी? कऱ्हाडात गाड्या मिळत नाहीत?"

अमोघनं खाली ठेवलेली पिशवी पुन्हा उचलली.

"बोल ना!"

"घरच्यांचं सोड, तीच ऐकेना," अमोघ पुटपुटला. "तूच नको म्हणालास, असं मी तिला सांगितलं. म्हटलं, त्याच्या मनात असतं तर त्यानं एक फोन केला नसता का? तरी खोटं म्हणायची. जेवण टाकलं तिनं."

"मग?"

"मग तुझी गाडी दारात उभी केली, फुलं लावून. म्हटलं, बघ, सजवायला त्यानंच दिलीय. मग तिनं हट्ट सोडला. साडी नेसायला आत गेली."

निषादनं स्टिअरिंगवरची फीत उचलली. जुईलीनं इतके महिने त्याच्या फोनची वाट पाहिली असणार. फोन आलाच नाही, गाडी आली.