माझ्या नावाने आई

गुडघ्याच्या ऑपरेशनला सात महिने झाले आणि मी हॉकी सोडायचं ठरवलं. अकरा वर्षं देशाकडून खेळले, एकतिशी गाठली, धावताना गुडघा कुरकुरतो. आणखी किती ताणायचं? निवड चाचणी दहा दिवसांवर होती. तिकडे फिरकायचंच नाही, निरोपाचे चार शब्द लिहायचे आणि मोकळं व्हायचं.

लिहायला सोशल मीडियावरचं माझं खातं उघडलं. ते नावालाच माझं. शिबिरात फोन काढून घेतात, म्हणून फोटो टाकण्यापुरतं आईच्या ताब्यात दिलेलं. चार लाख लोक मला फॉलो करतात ते माझ्या गोलांमुळे, हा माझा गोड गैरसमज. फोटोंखालच्या कमेंट वाचत गेले आणि डोकंच फिरलं. आई प्रत्येकाला उत्तर देत होती, तेही मी बनून.

"ताई, शेवटच्या सामन्यात तीन गोल हुकवलेत."

"हो रे, हुकले. तू जेवलास का?"

पायाला प्लास्टर घातलेल्या एका शाळकरी पोरीला लिहिलं होतं, "पाय उशीवर ठेव. रडू आलं तर रड, मीही रडले." मी रडले होते ते बाथरूममध्ये, नळ सोडून. हिला कसं कळलं?

आणि "परत येणार ना?" विचारणाऱ्या झाडून सगळ्यांना एकच उत्तर. "चाचणीला जाणार म्हणजे जाणारच."

मी तशीच तरातरा शर्टांच्या कारखान्यात गेले. आई तिथे कॉलर शिवते. फोन तिच्या नाकासमोर धरला. "हे कुणाला विचारून लिहिलंस?"

तिने दोरा तोडला. "हळू बोल, सुपरवायझर बघतोय."

"जायला हवं असं वाटत होतं, तर मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तू अंगावर येतेस. ती पोरं ऐकून तरी घेतात." चष्मा पुसत म्हणाली, "आणि नाही गेलीस तर नाव तुझं जाईल, माझं काय जातंय?"

रागावले होते तरी मला हसू फुटलं. मी हातपाय गाळून बसले होते, तेव्हा ही जेवणाच्या सुट्टीत एका बोटाने टाइप करत चार लाख माणसं माझ्यासाठी धरून बसली होती. माझ्याने निरोप लिहवेना. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ घाम गाळला आणि चाचणीला गेले.

दुपारी प्रशिक्षकांनी यादी वाचली. अठरा नावांत शेवटचं माझं. आईला फोन करून "झाली" एवढंच म्हणाले. पलीकडे मशीन थांबलं. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी मैदानाच्या कडेला बसून बूट सोडतेय, तोवर खात्यावर मजकूर आला. "माझी निवड झाली. आई कारखान्यात सगळ्यांसमोर रडली. मी तिला कधी थँक्यू म्हटलं नाही, पण तिला कळतं."

मी पुन्हा फोन लावला. ते तरी माझं मला म्हणायचं होतं.