विसावं ठिकाण

आमच्या शहरात मुद्दाम येऊन पाहावं असं फारसं काही नाही. मोठ्या शहराच्या कुशीतलं हे गाव; लोक सकाळी तिकडे कामाला जातात आणि संध्याकाळी इकडे झोपायला येतात. तरीही बावीस वर्षांपूर्वी नगरपालिकेनं एक पुस्तिका काढली : ‘आपल्या शहरात आणि आसपास पाहण्यासारखी वीस ठिकाणं’. ती आमच्या छापखान्यात छापली गेली. मी तिथे मुद्रितशोधक होतो. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं, चुका काढायच्या आणि कोणाच्या नजरेत न येता घरी जायचं. माझ्या स्वभावाला याहून मानवणारं काम जगात दुसरं नसावं.

नगरपालिकेकडून मजकूर आला तो एकोणीसच ठिकाणांचा. मुखपृष्ठ मात्र छापून तयार होतं आणि त्यावर ठळक ‘वीस’. मालक माझ्या टेबलाशी आले.

“तुम्ही एवढं वाचत असता. एखादं ठिकाण टाका की लिहून. संध्याकाळपर्यंत.”

“पण मी कुठे काय पाहिलंय?”

“पाहिलंय कोणी? लिहा हो तुम्ही.”

मी भिंतीवरचा नकाशा पाहिला. सात नंबरच्या बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे एक टेकडी दाखवली होती. तेवढ्या भांडवलावर मी पान भरलं : ‘माथ्यावर एक सपाट दगड आहे, दोघांना ऐसपैस बसता येईल असा. तिथून सगळं शहर ओंजळीत मावेल एवढं दिसतं. तिन्हीसांजेला घराघरांत एकेक दिवा लागतो, तो मोजत बसावं.’

पान छापलं गेलं. कोणी काही विचारलं नाही. आणि मी, आयुष्यात एकदाच, बढाई मारली. एक प्रत ताईला पाठवली आणि सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं, ‘विसावं ठिकाण माझं आहे.’

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती लांब गेली, मी लग्न न करता इथेच राहिलो. गेल्या वर्षी दाजी गेले, आणि ती एकटी पडली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, तिला आपल्याकडे बोलवत होता. चौदाव्या मजल्यावरचं घर, तिच्यासाठी वेगळी खोली, सगळं तयार. तिनं त्याला सांगितलं, “भावाकडे जातेय, तिथून रविवारी कळवते.” आणि गुरुवारी ती बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

तिनं माझ्याकडे राहावं असं मला फार वाटत होतं. किती, ते मला नीट लिहिता येणार नाही. माझी दोन खोल्यांची जागा आणि त्यातली आतली खोली पुस्तकांनी छतापर्यंत भरलेली. ती येणार कळल्यावर आठ दिवस खपून मी ती रिकामी केली. पुस्तकं स्वयंपाकघरात, पलंगाखाली, न्हाणीघराच्या दारापर्यंत रचली. पण “ताई, इथेच राहा” एवढे तीन शब्द काही तोंडातून फुटेनात. ती आतल्या खोलीत गेली, भिंती पाहिल्या आणि म्हणाली, “पुस्तकं कुठे गेली रे?”

“वाळवी लागली होती,” मी म्हणालो. “हलवली जरा.”

“बरं.” मग तिनं पर्समधून ती पुस्तिका काढली. तपकिरी कागदाचं कव्हर घातलेली. “किडोबा, चार दिवस आहेत. वीसच्या वीस दाखवायची मला.”

लहानपणी मी पुस्तकातून डोकं वर काढत नसे म्हणून तिनं ठेवलेलं हे नाव. आता ते वापरणारी तीच एक उरली आहे.

“अगं, काही नाही त्यात. तुला कंटाळा येईल.”

“बावीस वर्षांत एकदा तरी ‘ये’ म्हणालास? बघू तर दे, कुठे राहतो माझा भाऊ.”

एकोणीस ठिकाणं होती. विसावं नव्हतं.

आम्ही फिरलो. जुन्या पंपघरात एका निवृत्त मेकॅनिकनं केवळ ताईसाठी मोठं चाक फिरवून दाखवलं आणि तिच्या हाताला लागलेलं वंगण स्वतःच्या रुमालानं पुसलं. तळ्यावर पुस्तिकेनं पांढऱ्या बदकांचा थवा कबूल केला होता. तिथे एकच हंस उरला होता आणि तो माझ्याच मागे लागला. ताई बाकावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “पळ, किडोबा, पळ! त्याला वाचून दाखव काहीतरी, झोपेल!” घड्याळांचं संग्रहालय म्हणजे एक खोली. तिथला रखवालदार डुलक्या काढत होता आणि प्रत्येक घड्याळ वेगळी वेळ सांगत होतं. “आपल्याला सोयीची निवडायची असेल,” ताई म्हणाली. काचेच्या रोपघरात ती तासभर रमली. माळ्याशी कलमांवरून वाद घातला आणि जिंकलीसुद्धा.

प्रत्येक ठिकाण झालं की ती पेन्सिलीनं पानावर बरोबरची खूण करायची. मीही बहुतेक जागा पहिल्यांदाच पाहत होतो, हे मी तिला सांगितलं नाही. मला ओळखणारी माणसं एवढी आहेत, हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. बसच्या कंडक्टरनं विचारलं, “काका, आज वाचनालयाच्या स्टॉपला नाही उतरायचं? तब्येत बरी आहे ना?” ताईनं माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या.

शनिवारी रात्रीपर्यंत एकोणीस खुणा झाल्या. रविवारी सकाळी मी म्हणालो, “गुडघा धरलाय माझा.” दुपारी म्हणालो, “रविवारी सात नंबर नसते बहुतेक.” ताईनं चपला घातल्या, थांब्यावर जाऊन त्याच कंडक्टरला विचारलं आणि परत येऊन दारातूनच म्हणाली, “दर अर्ध्या तासाला आहे. आणि गुडघा काल हंसापुढे बरा पळत होता. चल.”

बसमध्ये तिनं विसावं पान उघडलं. खुणा सोडल्या तर बाकीची पानं कोरी करकरीत होती. हे मात्र मऊ पडलं होतं, कडा दुमडलेल्या.

“तुझे दाजी आठ महिने अंथरुणावर होते,” ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. “रात्री त्यांना झोप यायची नाही. मग हे पान वाचायचे मी. पाठ झालं होतं त्यांना. म्हणायचे, बरा झालो की तुझ्या भावाच्या दगडावर जाऊन बसू. बाकीची एकोणीस तुझी तू बघ.”

शेवटचा थांबा आला. आम्ही उतरलो, बस वळून निघून गेली. ताई चढाला लागली. मी तिथेच उभा राहिलो.

“ताई, वर दगड नाहीये.”

“म्हणजे? काढला कोणी?”

“नव्हताच. म्हणजे असेल किंवा नसेल, मला माहीत नाही. मी कधी आलोच नाही इथे. नकाशात बघून लिहिलं. एक पान कमी पडत होतं.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं, मला ओरडा खायची सवय आहे. पण तिचा चेहरा उतरला.

“आठ महिने त्यांना मी खोटं वाचून दाखवलं?”

पुस्तकांत अशा वेळी माणसं काहीतरी बोलतात. मी नुसता “हो” म्हणालो.

ती वळली. थांब्याकडे नाही, टेकडीकडे. एकटीच चढू लागली, दर दहा पावलांवर थांबत. मी चार पावलं अंतर ठेवून मागे. हात द्यावासा वाटत होता, पण तेवढा धीर झाला नाही.

माथ्यावर पाण्याच्या टाकीचं कुंपण होतं आणि कुंपणाबाहेर सिमेंटचे मोठे पाईप आडवे टाकून ठेवलेले. दगड नव्हता. शहर ओंजळीत मावणं तर दूरच, अर्धं शहर नव्या इमारतींनी झाकून टाकलेलं. दिसत होतं ते बस धुण्याचं आवार, पंपघराचं लाल छप्पर, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे आणि तळ्याचा एक चकाकता तुकडा.

ताईनं पदरानं पाईपावरची धूळ झटकली आणि बसली. मग सरकून शेजारी जागा केली.

“बस. उभा काय राहिलास शिक्षा केल्यासारखा?”

मी बसलो.

“दिवे तरी लागतात का एकेक करून?”

“माहीत नाही गं. कधी पाहिलंच नाही.”

“मग थांबू या.”

आम्ही थांबलो. ऊन उतरलं. आधी रस्त्यावरचे दिवे लागले, ओळीच्या ओळी, भसकन, एकदम. मी मान खाली घातली. हीही चूकच निघाली. पण थोड्या वेळानं त्या ओळींमागे एक खिडकी उजळली. मग लांब दुसरी. मग एकदम तळ्याच्या बाजूला तिसरी. ताई बोटानं दाखवत मोजू लागली. पंचविसाच्या पुढे कुठेतरी तिचा आकडा चुकला आणि तिनं हात मांडीवर ठेवला.

“एवढं बरोबर लिहिलं होतंस,” ती म्हणाली. आवाज जरा ओला होता. “त्यांना हेच आवडायचं. दिव्यांचं.”

मग तिनं पुस्तिका माझ्या मांडीवर ठेवली, वर पेन्सिल. “दुरुस्त कर. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यास, एकदा स्वतःच्या काढ.”

अंधूक उजेडात मी ‘सपाट दगड’ खोडून समासात ‘सिमेंटचे पाईप’ लिहिलं. ‘सगळं शहर’ खोडून ‘बरंचसं’ केलं. ‘दोघांना ऐसपैस’ यापाशी पेन्सिल थांबली.

“ते राहू दे,” ताई म्हणाली. “आणखी काय काय थापा मारल्यास?”

“वाळवी,” मी म्हणालो.

“काय?”

“पुस्तकांना वाळवी लागली नव्हती. खोली रिकामी केली मी. आठ दिवस लागले.”

“कशाला?”

खाली आणखी पाच-सहा दिवे लागले तरी माझा शब्द निघेना. तिनं घाई केली नाही. शेवटी मी पुस्तिकेकडे पाहत म्हणालो, “तू राहावंस म्हणून.”

तिच्या पर्समध्ये फोन वाजू लागला. भाचाच असणार. तिनं तो बाहेर काढला, पाहिला आणि लगेच उचलला नाही.

“त्या खोलीच्या खिडकीला पडदा नाही,” ती म्हणाली. “तीन दिवस सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतंय माझ्या.”

“पुस्तकांना पडदा लागत नाही.”

“मला लागतो,” ताई म्हणाली आणि फोन कानाला लावला. “हां, बोल रे. अरे टेकडीवर आहे. तुझ्या मामाबरोबर. हो, कळवते म्हटलं होतं ना, तेच कळवते.”