उतारावरचं पाणी

कुसुम गेली तेव्हा आमचा एक वाद अर्धवट राहिला होता. बत्तीस वर्षं चाललेला.

लोकांचे वाद सासूवरून होतात, रानाच्या बांधावरून होतात. आमचा चीनवरून होता. मी गंगाखेडला एका शाळेत भूगोल शिकवायचो. पुस्तकात डोंगरउतारावरच्या भातशेतीचं एक चित्र होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी ते तिला हौसेनं दाखवलं. डोंगराला पायऱ्या कोरलेल्या आणि प्रत्येक पायरीत पाणी उभं. तिनं चित्राकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

"मास्तर, येड्यात काढायलाव का मला?"

तिचं माहेर सोनपेठ तालुक्यातलं. बापाचं रान गोदावरीकडं उतरत गेलेलं. दर पावसाळ्यात पाणी त्या रानातली माती खरवडून न्यायचं आणि हिचा बाप बांधावर बसून नदीला शिव्या द्यायचा. "आमच्या उताराच्या रानात घोटभर पाणी ठरत न्हाई," ती म्हणाली, "अन् तुमच्या चीनमदी डोंगरावर तळी साचत्यात व्हय?"

मी मास्तर माणूस. वर्गात पोरं खाली मान घालून ऐकतात त्याची सवय झालेली. एका रविवारी मी अंगणात विटा रचल्या, काळी माती कालवून पाच पायऱ्या केल्या आणि वरून बादली ओतली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. पहिल्या पायरीतलं पाणी विटांच्या फटीतून जे निघालं ते सरळ तिच्या वाळत घातलेल्या कुरडयांत शिरलं. कुरडया गेल्या त्याचं तिला वाईट वाटायला हवं होतं, पण ती आठ दिवस हसत होती. सगळ्या गल्लीला तिनं ते सांगितलं.

तेव्हापासून आमच्या घरात थापेला नवा शब्द आला. उद्या नक्की गिरणीत जातो म्हणालो की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "उतारावरचं पाणी!" पुढाऱ्याचं भाषण ऐकलं की, "उतारावरचं पाणी!" मी चिडायचो. मला खरंच राग यायचा, कारण बाकी थापा मारत असेन, पण ही एक गोष्ट खरी होती.

"बघितल्याबिगर मानणार न्हाई," ती म्हणायची.

"दाखवतो एक दिवस."

मग मी रिटायर झालो. दोघांचे पासपोर्ट काढले. तिचे गुडघे दुखत होते, ते बरे झाले की जाऊ असं ठरलं. दोन वर्षांपूर्वी माघात एका दुपारी चहा पिऊन "जरा पडते" म्हणाली आणि उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले हार्ट. मी म्हणालो, हिचे तर गुडघे दुखत होते.

त्यानंतर घरात मी काहीही हलवलं नाही. तिची फणी आरशापुढं तशीच, चपला उंबऱ्याशी तशाच. लेक सृष्टी पुण्याला असते. तिनंच गेल्या मे महिन्यात चीनची सहल ठरवली. "अण्णा, एकटे बसून काय करायलाव? जाऊन या. मन रमंल." मन रमवायला मी निघालो नव्हतो. मला वाद संपवायचा होता.

सहलीत आम्ही एकतीस जण. पंधरा जोडपी आणि मी. एकट्या माणसाचा सहलीत एक मोठा उपयोग असतो, त्याचे हात मोकळे असतात. जुन्या गावांच्या दगडी गल्ल्या, लाल कंदील, नदीवरचे छप्पर घातलेले लाकडी पूल, सगळीकडं मी लोकांचे फोटो काढले. "सर, आमचा एक काढता का?" नवरा बायकोच्या खांद्यावर हात ठेवायचा, बायको ओढणी सारखी करायची, मी बटण दाबायचो. माझ्या स्वतःच्या फोनमध्ये सात दिवसांत एकही माणूस आला नाही. भाताच्या मुलखात गेलो आणि सोबत आणलेल्या आचाऱ्याच्या हातचे पोहे खाल्ले, हा राग वेगळाच.

आठव्या दिवशी डोंगरातल्या याओ नावाच्या जमातीच्या एका गावात गेलो. लाकडी घरं, एकावर एक चढलेली. तिथून पाऊण तास चढण होती. जोडपी दम खात मागं राहिली. मी वर पोचलो आणि वळून खाली बघितलं.

सगळा डोंगर पाण्यानं भरला होता. वरपासून खालपर्यंत पायऱ्या, शेकडो, काही तर आपल्या ओसरीएवढ्याच रुंद, आणि प्रत्येकीत पाणी. नुकती लावणी सुरू होती. पाणी हलत नव्हतं, त्यात ढग दिसत होते. आमची गाइड लिन नावाची पोरगी होती. तिला मी विचारलं, हे झिरपून कसं जात नाही? ती म्हणाली, म्हशी फिरवून चिखल तुडवतात, तळ घट्ट करतात, आणि डोंगरमाथ्यावरचं जंगल कुणी तोडत नाही. म्हणजे माझ्या अंगणात चुकलं ते एवढंच. म्हैस नव्हती.

मी डावीकडं वळलो आणि मोठ्यानं म्हणालो, "बघ! म्हणलं नव्हतं?"

डावीकडं मागून चढून आलेल्या नाशिकच्या एक बाई उभ्या होत्या. "काय म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "फोटो काढू का तुमचा?"

बत्तीस वर्षांचा वाद मी जिंकलो होतो आणि सांगायला कुणी नव्हतं. आयुष्यात इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. ती गेली त्या दिवशीसुद्धा नाही, कारण त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. मी तिथं दगडावर बसलो आणि मनात म्हणालो, एक डाव यायला काय झालं होतं गं तुला.

मुक्काम त्याच गावात एका म्हातारीच्या घरी होता. सकाळी मी खाली आलो तर ती ओसरीवर केस विंचरत बसलेली. एवढी वयस्कर बाई, पण केस उभं राहिलं तर घोट्यापर्यंत यावेत. फणीत अडकलेले केस तिनं काढले, दोन बोटांभोवती गुंडाळले, त्याचं लहानसं कडं केलं आणि मांडीवरच्या डब्यात ठेवलं.

मी जागच्या जागी उभा राहिलो. ते दोन बोटांभोवती गुंडाळणं मी रोज बघितलेलं होतं.

लिननं सांगितलं, इथल्या बाईच्या अंबाड्यात तीन पेड असतात. एक डोक्यावर वाढणाऱ्या केसांचा. एक अठराव्या वर्षी कापलेल्या केसांचा. आणि तिसरा रोज गळणाऱ्या केसांचा, जन्मभर जमवलेला. मी म्हणालो, विचार तिला, गळालेले कशाला ठेवते? शाळेत मी ढ पोराकडं बघायचो तसं म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. लिन म्हणाली, "ती म्हणते, तिचेच आहेत. टाकायचे कशाला?"

कुसुमही टाकायची नाही. तिचं कारण वेगळं होतं. रस्त्यावर केस पडले तर कुणी भानामती करतं म्हणायची. मी विज्ञानाच्या गोष्टी सांगायचो, ती ऐकायची आणि गुंतवळ गुंडाळून न्हाणीघराच्या दाराआड खिळ्याला अडकवलेल्या पिशवीत टाकायची. गल्लीत केसांवर भांडी देणारा यायचा. त्याच्याकडून तिला परात घ्यायची होती. तो म्हणायचा, एवढ्याशा केसात वाटी येईल. ती म्हणायची, "वाटी नको मला. भरू दे पिशवी, परातच घेईन." पिशवी काही भरली नाही.

आणि ती पिशवी अजून तिथंच होती. दोन वर्षं मी तिच्याच शेजारी टॉवेल अडकवत होतो. लुगडी होती, चपला होत्या, फोटो होता, पण ते सगळं तिचं होतं. पिशवीत ती होती. हे कळायला मला, भूगोलाच्या मास्तरला, चीनच्या डोंगरात यावं लागलं.

पुढचे चार दिवस मी काय बघितलं ते मला विचारू नका. आणखी एक जुनं गाव, आणखी एक पूल. मला घरी जायचं होतं. त्या पिशवीचं काय करणार हेही ठरवलं नव्हतं, फक्त ती हातात घ्यायची होती.

मुंबईहून रेल्वेनं परभणी, तिथून एसटीनं गंगाखेड. दुपारी घरी पोचलो तर ऊन मी म्हणत होतं. किल्ली शेजारच्या रेणुकाकडं होती, तुळशीला पाणी घालायला. कुसुमची ती लाडकी, लेकीसारखी. दार उघडून ती कौतुकानं बाजूला उभी राहिली.

"बघा काका, घर कसं आरशावानी केलंय. दोन वर्सांत कुणी झाडू नीट फिरवला न्हाई. म्हणलं काका येईस्तोर साफ करून टाकावं."

मी बॅग उंबऱ्यातच ठेवली आणि सरळ न्हाणीघराकडं गेलो. दाराआड खिळा होता. खिळ्याला माझा टॉवेल, धुऊन घडी घातलेला.

"रेणुका, हितं एक पिशवी होती."

"व्हय काका, काकूच्या केसांची. जाळी धरली होती तिला. तो भांडेवाला आलता, त्याला दिली. लय किचकिच केली मी, तवा कुठं ही दिली बगा." तिनं ओट्यावरची वाटी उचलून माझ्या हातात दिली. स्टीलची, नवी, लखलखीत. "काकूनं किती दिस जमवलं होतं. वाया जायला नगं म्हणलं."

तिच्या चेहऱ्यावर नुसतं प्रेम होतं. "चांगलं केलंस बाई," मी म्हणालो. ती गेल्यावर मी मोरीच्या कठड्यावर बसलो आणि वाटी हातात घेऊन लहान पोरासारखा रडलो.

तीन दिवस मी कान लावून होतो. चौथ्या दिवशी सकाळी गल्लीच्या टोकाला भोंगा वाजला, "केसावर भांडेऽऽ, केस द्या, भांडे घ्याऽऽ." अंगात बनियन, पायात चप्पल नाही, तसाच स्कूटर काढून मी त्याच्यामागं लागलो. साखर कारखान्याच्या रस्त्याला त्याची मोटारसायकल गाठली. मागं भांड्यांची जाळी आणि एक पोतं. मी धापा टाकत सांगितलं, अमुक घर, अमुक दिवशी, निळी पिशवी.

"सर, ते कुठं घावायचं आता?" तो म्हणाला. "समद्या गावाचे केस एका पोत्यात पडतेत. कुणाचं कोणतं, कसं वळखावं? अन् त्या टायमाचा माल तर गेला बी."

"कुठं गेला?"

"मोठा व्यापारी नेतो. कलकत्त्याकडं म्हणतेत. तिकडं निवडतेत, धुतेत अन् मग चीनला जातंय."

"कुठं?"

त्याला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. तो ओरडून म्हणाला, "चीनला! तिकडं टोप करतेत केसांचे!"

मला हसू फुटलं. भर रस्त्यात, उघड्या पायांनी, पायाखालचं डांबर तापलेलं, आणि मी पोट धरून हसत होतो. तो घाबरला. "सर, दुसरी वाटी देऊ का?" म्हणाला. नंतर माझे डोळे बघून त्यानं मोटारसायकल बंद केली आणि पाण्याची बाटली पुढं केली. दोन घोट प्यायलो आणि घरी आलो.

ओट्यावर वाटी होती. घर स्वच्छ होतं आणि गल्लीत दुपारपर्यंत कुणी फिरकणार नव्हतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो, तिथूनच ती मला चिडवायची.

"कुसुम," मी म्हणालो, "गेलीच हाईस चीनला, तर तेवढं डोंगरावर जाऊन ये. पाऊण तासाची चढण हाय, आता तुझे गुडघेबी दुखायचे न्हाईत. पाणी उभं ऱ्हातंय तिथं. मी माझ्या डोळ्यांनी बघून आलोय."

मी थांबलो. चांगला वेळ थांबलो. पण "उतारावरचं पाणी!" असं कुणीच म्हणालं नाही.

मग मी कपभर चहा ठेवला.